नियमात उतरलेलं आकाश

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये चार ओळखीचे समोरासमोर बसले, की अंबरनाथ यायच्या आत पत्ते पिसून झालेले असतात. मांडीवर आडवी बॅग, तिच्यावर वर्तमानपत्र आणि मेंढीकोटाचा डाव. उल्हासनगर, विठ्ठलवाडी मागे पडेपर्यंत पहिली दश्शी कुणाच्या बाजूला गेली ते कळलेलं असतं आणि उभे असलेलेही मनाने डावात उतरलेले असतात. या डब्यांत खेळणाऱ्यांना एक गोष्ट कुणी न शिकवता ठाऊक असते : उघड्या हुकुमाचा मेंढीकोट आणि बंद हुकुमाचा मेंढीकोट हे दोन वेगळे खेळ आहेत. बावन्न पानं तीच, राजा-राणी-गुलाम तेच. पण एक पान पालथं ठेवलं आणि गरज पडेपर्यंत हुकूम झाकला, की प्रत्येक उतारीचा अर्थ बदलतो. पत्त्यांच्या खेळात नवं काही आणायचं तर चित्र बदलून भागत नाही, नियम बदलावा लागतो.

हाच निकष हाती धरून गेल्या काही वर्षांतल्या एका मोठ्या लाटेकडे पाहता येतं. जगभर खेळल्या जाणाऱ्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळांनी, म्हणजे ट्रेडिंग कार्ड गेम्सनी, एकामागून एक अवकाशाची वाट धरली आहे. त्यातला एक गाजलेला संच ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचा ‘एज ऑफ इटर्निटीज’. तो १ ऑगस्ट २०२५ रोजी बाजारात आला. जहाजं, ग्रह, कोसळणारे तारे, सगळं त्यात आहे. प्रश्न एवढाच, की हे आकाश पानावरच्या चित्रात आहे की खेळण्याच्या रीतीत?

पत्त्यांवर आकाश काढण्याची कल्पना नवी नाही आणि मराठी मुलखाला ती परकीही नाही. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा नावाचे पत्ते भेट पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. भारतातल्या पत्त्यांच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी हा एक. फाळणीनंतर त्याच सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्त्यांचा खेळ मात्र त्याआधी कितीतरी शतकं दख्खनेत आणि कोकणात येऊन इथलाच होऊन गेला होता.

सावंतवाडीची गंजिफा हे त्याचं सर्वांत देखणं रूप. कापडावर चिंचोक्याची खळ चढवून, रंगवून, लाखेने चकाकी आणलेली गोल पानं. चितारी कारागिरांची ही कला विसाव्या शतकात जवळजवळ विझली होती. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं आणि ती टिकली. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि १२० पानं. नवग्रह गंजिफेत नऊ रंग आणि १०८ पानं. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. प्रत्येक ग्रहाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं.

नवग्रहाच्या जोडाकडे नीट पाहिलं तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. आकाश त्यात डोळे भरून आहे, पण खेळात जवळपास नाही. चंद्र सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत आकाशाची फेरी पुरी करतो, शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. जोडात मात्र दोघांचा राजा सारखाच चालतो आणि दोघांची सत्ती सारखीच पडते. राहू-केतूंना तर शरीरच नाही, ते चंद्राच्या वाटेवरचे छेदनबिंदू. तरी त्यांनाही बारा पानं, इतरांसारखीच.

उलट दशावतारी जोडात, जिथे चित्रांत आकाशाचा मागमूस नाही, तिथे सूर्य थेट नियमात शिरलेला आहे. दिवसा डाव असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची पहिली उतारी. रात्री बसले तर मान कृष्णाच्या राजाकडे. म्हणजे बाहेर उजेड आहे की अंधार यावर पटावरची सुरुवात ठरते. किती साधी आणि किती जबरदस्त कल्पना आहे ही! खेळाच्या आजच्या रचनाकारांनी हा नियम करणाऱ्यांपुढे हात जोडावेत.

संग्रहाची हौस बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात दुसऱ्याच वाटेने रुजली. काड्यापेट्या करणारी विम्को ही कंपनी १९२३ साली स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी एक अंबरनाथचा. विम्को नाका हे नाव तिथे अजून तोंडी आहे. काड्यापेटीवरचे छाप जमवणं हा महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा उद्योग होता. दुर्मीळ छापाच्या बदल्यात चार साधे छाप, असा भाव मुलं आपसांत ठरवत. छापांची अदलाबदल होती, हुरहूर होती, पण छापाला स्वतःचा नियम नव्हता. पुढे नव्वदच्या दशकात कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं आली. त्यांच्यावर उंची, वजन, छाती, क्रमांक असे आकडे छापलेले. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं पान घ्यायचं. त्यानंतर क्रिकेटपटूंची ‘क्रिकेट अटॅक्स’ आली, आणि आता शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात सोनेरी मुलाम्याची, बहुतेक बिनपरवान्याची पोकेमॉन कार्डं लटकलेली असतात. ती घेणाऱ्या बहुतेक मुलांना त्यांचा खेळ येत नाही. ती पानं बघण्यासाठी आणि दाखवण्यासाठी घेतली जातात. छापांचीच ही पुढची पिढी.

जमवणं आणि खेळणं या दोन्ही गोष्टी एका पानात पक्क्या बांधल्या त्या रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने. त्याचं ‘मॅजिक’ १९९३च्या ऑगस्टमध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढलं. सगळ्यांचा एकच जोड, ही पत्त्यांची शेकडो वर्षांची चाल त्याने मोडली. प्रत्येकाने आपली पानं जमवायची, त्यांतून निदान साठ पानांचा आपला डेक बांधायचा आणि तो घेऊन समोर बसायचं. दोघांचा जीव वीस-वीस. पाळीला एक जमीन मांडता येते, जमिनीतून माना नावाची शक्ती मिळते, ती खर्चून प्राणी उतरवायचे. प्राण्याला ताकद आणि चिवटपणा असे दोन आकडे. वापरलेलं पान आडवं करायचं, पुढच्या पाळीला ते पुन्हा उभं होतं. नवा प्राणी उतरल्या पाळीला हल्ला करू शकत नाही. एवढं कळलं की बाकीचं पानावर लिहिलेलं असतं, आणि तीच या खेळाची खरी जादू : पानच आपला नियम सांगतं, आणि खेळाच्या मूळ नियमाशी त्याचं भांडण झालं तर पानाचं ऐकायचं.

त्यामुळे दर नव्या संचात काही नव्या कळी येतात. खेळाडू त्यांना मेकॅनिक म्हणतात. एक कळ म्हणजे एका शब्दात बांधलेला छोटा नियम, जो अनेक पानांवर छापलेला असतो.

एज ऑफ इटर्निटीजमधली सर्वांत ठळक कळ आहे ‘स्टेशन’. अवकाशयान हा पानाचा नवा प्रकार या संचात आला. यान मांडलं, तरी ते लगेच उडत नाही. आपल्या पाळीत आपला एखादा प्राणी आडवा करायचा आणि त्याच्या ताकदीइतक्या भाराच्या खुणा यानावर ठेवायच्या. ठरलेला आकडा गाठला की यान जिवंत होतं, उडतं, लढतं. काही यानांना वाटेत एक छोटा टप्पाही असतो. ‘उथ्रॉस रिसर्च क्राफ्ट’ तीन खुणांवर आपल्या मालकाला पानं ओढून द्यायला लागतं आणि बारांवर आकाशात झेपावतं. ‘द सेरिमा’ हे जहाज उतरतानाच डेकमधून एखादा नामवंत वीर शोधून हाती देतं आणि सात खुणांवर उड्डाण करतं.

या कळीची मुळं शोधत गेलं तर वाट एका भारतीय वळणाच्या जगात जाते. २०१६च्या सप्टेंबरअखेर ‘कलादेश’ हा संच आला. भारतीय नक्षी, पोशाख, उत्सव आणि कारागिरी यांवरून रंगवलेलं, संशोधकांचं ते जग. चंद्रा नलार ही मॅजिकची लाडकी नायिका तिथली, तिच्या वडलांचं नाव किरण. २०२५च्या ‘एथरड्रिफ्ट’ संचात त्या जगाला आविष्कार हे नवं नाव मिळालं. कलादेशने खेळात वाहनं आणली : प्राण्यांनी आडवं होऊन वाहन चालवायचं, पण त्या पाळीपुरतंच. पुढच्या पाळीला पुन्हा चालक हवेत. त्यातलं ‘स्मगलर्स कॉप्टर’ इतकं स्वस्त आणि इतकं जबर ठरलं, की २०१७च्या जानेवारीत प्रमुख स्पर्धाप्रकारात त्यावर बंदी घालावी लागली.

स्टेशनने ही कल्पना घेऊन तिचा काळ बदलला. वाहन रोजंदारीवर चालतं. यान हे बांधकाम आहे. भरलेल्या खुणा जात नाहीत. खुणा भरणारा प्राणी नंतर मेला तरी त्याचं काम यानावर उरतं. आजच उतरलेला प्राणी हल्ला करू शकत नाही, पण यान भरू शकतो, म्हणून एरवी रिकामी जाणारी त्याची पहिली पाळी कामी येते. आणि खरी टोचणी इथे आहे : आडवा झालेला प्राणी समोरच्याचा हल्ला अडवू शकत नाही. यान भरायचं म्हणजे दारं उघडी टाकायची. दर पाळीला खेळाडूने ठरवायचं, की आज मार खाऊन उद्याची झेप जवळ आणायची, की आज घर राखायचं. कळ चांगली की वाईट हे अशाच निवडींवरून ठरतं.

ग्रहांची पाच पानं याच कळीवर चालतात, आणि संचातला सर्वांत धीट प्रयोग तोच आहे. अडाजिया, एव्हेंडो, कावारॉन, सुसुर सेकुंडी आणि उथ्रॉस. ग्रह जमीन म्हणून मांडायचा, तो साध्या जमिनीसारखा पाळीला एक माना देतो. त्यात बारा खुणा भरल्या की तो फुलतो. एव्हेंडो मग जितके प्राणी तितका हिरवा माना देतो. अडाजिया आपल्याच एखाद्या वस्तूची प्रत घडवून देतो. कावारॉनवर एक जमीन बळी देऊन यंत्रमानव उभा करता येतो. बारा हा आकडा मोठा आहे. चार ताकदीचे तीन प्राणी एकाच पाळीत आडवे करा, नाहीतर दोन ताकदीच्या एकाच प्राण्याला सहा पाळ्या राबवा. बऱ्याच डावांत ग्रह फुलायच्या आत निकाल लागतो. स्टेशनचा दोषही इथेच आहे. सावकाश चालणाऱ्या, चौघांच्या घरगुती डावात ती शोभते. दोघांच्या चुरशीच्या सामन्यात मोठे आकडे नुसते लांबून दिसत राहतात. आणि निम्म्या खुणा भरल्यावर समोरच्याने यान फोडलं, तर दोन-तीन पाळ्यांची मेहनत एकदम मातीत जाते.

‘वॉर्प’ मात्र निःसंशय या संचाची सर्वांत मोठी कमाई आहे. वॉर्पवाल्या प्राण्याच्या पानावर दोन किमती असतात. पुरी किंमत दिली तर तो उतरतो आणि राहतो. वॉर्पची कमी किंमत दिली तर तो लगेच उतरतो, पण पाळी संपताना खेळाबाहेर बाजूला जाऊन बसतो; तिथून पुढच्या कुठल्याही पाळीत पुरी किंमत देऊन त्याला पुन्हा बोलावता येतं. ‘क्वांटम रिडलर’ पाच मानाचा उडता स्फिंक्स. वॉर्पने तो दोन मानात येतो. उतरताना एक पान ओढून देतो, हातात पानं जवळपास संपली असतील तर एक जास्त देतो, आणि नाहीसा होतो. नंतर पाच मानात परततो आणि पुन्हा पान देतो. ‘नोव्हा हेलकाइट’ हा ड्रॅगन तीन मानात येतो, उतरल्या क्षणी हल्ला करतो, समोरच्या एखाद्या प्राण्याला चटका देतो आणि निघून जातो. पाच मानाच्या पाळीत कायमचा हजर.

वेळेशी खेळणाऱ्या कळी मॅजिकमध्ये आधीही होत्या. २००६च्या ‘टाइम स्पायरल’मध्ये ‘सस्पेंड’ होती : आज थोडे पैसे भरा, प्राणी काही पाळ्यांनी येईल. वॉर्पने तिची दिशा उलटी केली : प्राणी आज येईल, पण टिकायला पुढे पुरे पैसे भरावे लागतील. २०१५ची ‘डॅश’ही प्राण्याला एका पाळीपुरतं बोलवायची, पण तो परत हातात यायचा. वॉर्पमधला प्राणी हातात नसतो, त्यामुळे समोरच्याने हातातली पानं टाकायला लावली तरी तो सुरक्षित राहतो. शिवाय एक बारकावा जाणत्या खेळाडूंनी पहिल्या आठवड्यातच हेरला. वॉर्पने आलेल्या प्राण्याला दुसऱ्या एखाद्या पानाने क्षणभर खेळाबाहेर काढून परत आणलं, तर नियमांच्या दृष्टीने तो नवा प्राणी ठरतो आणि पाळी संपली तरी जात नाही. पाच मानाचा स्फिंक्स दोनेक मानात कायमचा. क्वांटम रिडलर मोठ्या स्पर्धांच्या डेकमध्ये आणि महागड्या पानांच्या यादीत का चढला, हे यावरून समजतं.

वॉर्पमध्ये अवकाश चित्रापुरतं उरत नाही. दूरवरून येणारी गोष्ट आधी झलक दाखवते, नाहीशी होते आणि मोठ्या किमतीला परतते, हा अनुभव खेळणाऱ्याला आकडेमोडीतून येतो. पान पालथं करून चित्र झाकलं तरी तो येईल.

‘व्हॉइड’ ही कळ वॉर्पच्या आधारावर उभी आहे. या पाळीत जमिनीखेरीज एखादं पान पटावरून गेलं असेल, किंवा काही वॉर्पने उतरवलं असेल, तर व्हॉइडवाल्या पानांना बळ चढतं. अल्फरेल नावाच्या पात्राने अशा पाळीत हल्ला केला की समोरच्याचा निम्मा जीव जातो. २०१७च्या ‘एथर रिव्होल्ट’मधल्या ‘रिव्होल्ट’ कळीची ही जवळची बहीण. तिच्यात फार नवं नाही, पण संचाला बांधून ठेवायचं काम ती चोख करते.

आणि ‘लँडर’. हे छोटं सुटं पान काही पानांच्या सोबत फुकट मिळतं. दोन माना देऊन ते मोडलं की डेकमधून एक साधी जमीन शोधून मांडता येते. यान ग्रहावर उतरतं आणि पायाखाली जमीन येते, इतका सरळ अर्थ. जमीन न लागल्याने हातात पानं असून हात बांधलेले राहणं, हे या खेळातलं सर्वांत जुनं दुखणं. लँडर त्यावर साधं आणि उपयोगी औषध आहे. नव्या खेळाडूला हा संच शिकवायचा तर सुरुवात लँडरपासूनच करावी.

मॅजिकचा अवकाशातला हा पहिला प्रवास नव्हता. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ‘अनफिनिटी’ हा विनोदी संच अवकाशातल्या जत्रेवर बेतला होता. त्यातले स्टिकर पानांना चिकटवायचे होते. २०२४ साली लेगसी आणि व्हिंटेज या जुन्या पानांच्या स्पर्धाप्रकारांतून स्टिकरची पानं बंदच केली गेली. नियम गमतीदार होता, पण अवकाशाशी त्याचं नातं जत्रेच्या तंबूइतकंच.

दुसऱ्या खेळांनी मात्र फार आधी हे नातं जोडलं होतं. डिसायफर कंपनीने १९९५च्या डिसेंबरमध्ये काढलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या पत्त्यांत ग्रहांच्या पानांवर पार्सेकचा आकडा असायचा आणि जहाजांच्या पानांवर हायपरस्पीडचा. दोन ग्रहांच्या आकड्यांतला फरक जहाजाच्या झेपेत बसला तरच उडी मारता यायची. टेबलावर अंतर निर्माण झालं ते असं, एका वजाबाकीतून. त्या खेळात डेकमधली उरलेली पानं हाच खेळाडूचा जीव असायचा. नियम मात्र इतके पसरले, की नवखा माणूस त्यातच हरवायचा.

२०२४च्या मार्चमध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स : अनलिमिटेड’ने तोच विषय सुटसुटीत केला. पट दोन भागांत, जमीन आणि अवकाश. अवकाशातलं जहाज जमिनीवरच्या सैनिकाला मारू शकत नाही, सैनिक जहाजाला पोहोचत नाही, पण शत्रूच्या तळावर दोघेही हल्ला करू शकतात. २०२५च्या मार्चमधल्या ‘जंप टू लाइटस्पीड’ संचाने त्यात वैमानिकाची कळ घातली : एकच पान, योद्धा म्हणून जमिनीवर उतरवा किंवा जहाजावर चढवून त्याचं बळ वाढवा. मॅजिकचं स्टेशन आणि अनलिमिटेडचा वैमानिक एकाच वर्षी आले आणि एकाच प्रश्नाला भिडले, माणूस आणि यान यांचं नातं पानांतून कसं दाखवायचं. वैमानिकाचं उत्तर जास्त चपळ आहे, स्टेशनचं जास्त खोल. स्पर्धेच्या टेबलावर पहिलं सरस ठरेल. आठवणीत दुसरं राहील.

टॉम लेहमनच्या २००७च्या ‘रेस फॉर द गॅलक्सी’चाही उल्लेख व्हायला हवा, जरी तो पेटीत सगळी पानं एकदम देणारा खेळ आहे. एक ग्रह वसवायचा तर हातातलीच दुसरी पानं टाकून त्याची किंमत चुकवायची. प्रत्येक वसाहत म्हणजे न वसवलेल्या चार वसाहतींचा त्याग. अवकाशाच्या विशालतेची जाणीव इतक्या थोड्या नियमात क्वचितच कुणी दिली असेल.

आता या पट्ट्यातल्या खेळाडूकडे वळायचं, तर त्याच्या हातात बहुधा फोन असतो. मॅजिकचं ‘अरिना’ हे ॲप २०२१पासून मोबाइलवर फुकट आहे, आणि बदलापूर ते सीएसएमटी या दीडेक तासात दोन-तीन सामने सहज होतात, नेटवर्क साथ देईल तिथपर्यंत. त्याहून जास्त पसरलं ते ३० ऑक्टोबर २०२४ला आलेलं ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’. वीस पानांचा डेक, तीन गुणांना विजय, दर बारा तासांनी एक पाकीट फुकट. त्याचा २०२५च्या जानेवारीतला संच ‘स्पेस-टाइम स्मॅकडाउन’ हा नावाने काळ आणि अवकाश यांचाच. डायल्गा आणि पाल्किया हे काळाचे आणि अवकाशाचे स्वामी पाकिटावर झळकतात. पण त्या संचाने आणलेली नवी कळ कोणती, तर पोकेमॉनला अडकवायची साधनं : वीस जीव वाढवणारा झगा आणि मारणाऱ्यालाच वीसचा फटका देणारं खडकाचं शिरस्त्राण. कामाची साधनं आहेत, पण त्यांत ना काळ आहे ना अवकाश. नवग्रह गंजिफेचीच ही गत, फक्त चिंचोक्याच्या खळीशिवाय.

त्याच सुमारास पॉकेटमध्ये पानांची अदलाबदल सुरू झाली आणि खेळाडू चिडले. एक पान मित्राला द्यायचं तर आपली इतर दुर्मीळ पानं मोडून टोकन जमवावी लागत. काही महिन्यांनी कंपनीला ती टोकनं काढून टाकावी लागली. काड्यापेटीचे छाप बदलणाऱ्या मुलांना कुणाला कर द्यावा लागत नव्हता, आणि अदलाबदल ही या खेळांच्या नावातच आहे. ती अवघड करणं ही चूकच होती.

कागदी पाकिटाचा प्रश्न वेगळा. मॅजिकच्या साध्या पाकिटात चौदा पानं असतात आणि आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीसारख्या खेळांवर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली. पत्त्यांची पाकिटं त्या कायद्याच्या कक्षेतली नाहीत, पण नशिबाची ओढ तीच आहे. आईवडलांनी मुलाला हा खेळ जरूर द्यावा, मात्र पाकिटं फोडत बसण्यापेक्षा तयार डेक द्यावा. एज ऑफ इटर्निटीजसोबत ‘काउंटर इंटेलिजन्स’ आणि ‘वर्ल्ड शेपर’ असे शंभर-शंभर पानांचे दोन तयार डेक आले. चौघे मित्र मिळून असे डेक आणि उसन्या पानांवर वर्षभर खेळू शकतात.

या सगळ्यात आपल्याकडच्या रचनाकारांना एक काम हाक मारतं आहे. नवग्रहांचा जोड आपल्याकडे शतकांपासून आहे, एकशे आठ पानांचा, नाव आणि चित्रांसकट. त्याला हवे आहेत ते ग्रहांचे स्वतःचे नियम. चंद्राची पानं झटपट फिरून पुन्हा हाती यावीत, शनीचं पान उतरायला अनेक पाळ्या लागाव्यात आणि उतरलं की डाव हलावा. गुरू बाराव्या पाळीला घरी परतावा. मंगळ मधूनच मागे वळावा, जसा तो आकाशात वक्री दिसतो. राहू-केतूंनी स्वतः काही न जिंकता रवी-चंद्राचे राजे झाकावेत. दिवसा रवीच्या राजाची उतारी, रात्री चंद्राच्या. स्टेशन आणि वॉर्प यांनी दाखवून दिलं आहे, की वेळ आणि अंतर दोन ओळींच्या नियमात बसवता येतात, आणि दशावतारी गंजिफेने तर ते फार आधी दाखवलं होतं. यासाठी परवाना लागत नाही, परदेशी पाकीट लागत नाही. कागद, कात्री, चार खेळाडू आणि चुकत-दुरुस्त करत खेळून बघायची तयारी एवढं पुरतं. लोकलमध्ये रोज मेंढीकोट खेळणाऱ्या मंडळींनी आणि फोनवर मॅजिक खेळणाऱ्या त्यांच्या मुलांनी एका सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून हा जोड मांडून बघावा, आणि जे नियम टिकतील ते लिहून ठेवावेत.